मैदानगावचा बाक

ताई आली ती जिन्यातूनच बोलत आली.

"खाली काउंटरवर आप्पा एकटे. रविवारची गर्दी. आणि तू वर काय करतोयस?"

"शर्ट बदलतोय," धाकटा आतल्या खोलीतून म्हणाला. "त्यांनीच हाकललं मला. म्हणाले, बहीण येतेय, वाफेचा वास घेऊन समोर जाऊ नकोस."

"मला काय तो वास नवीन आहे? माझं अख्खं लहानपण इस्त्रीशेजारी गेलंय."

"म्हणून तर इतकी कडक निघालीस."

ताई हसली नाही, पण चपला काढताना तिचे ओठ जरा हलले. धाकट्याच्या बायकोने, घरच्या सुनेने, ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि तिला हायसं वाटलं. सासूबाई गेल्यापासून या दोघा बहीणभावांची थट्टा पातळ झाली होती. एकाने टाकलेला शब्द दुसरा झेलेलच याची खात्री राहिली नव्हती. आधी मध्ये आई असायची. कुणाचा बाण कुणाला लागू द्यायचा नाही हे तिला बरोबर जमायचं.

ताईच्या मागून तिची लेक वर आली. सात वर्षांची. घरात तिला शिट्टी म्हणत, कारण तिने वर हाक मारली की खाली लाँड्रीत टांगलेले कोटसुद्धा वळून बघतील असं आप्पा म्हणायचे. तिच्या हातात एक चित्र होतं. जांभळ्या केसांची मुलगी, हातात भलेमोठे मोजे.

"मामी, मी गोलकीपर होणार," ती म्हणाली. "आई आज विचारणार आहे."

सुनेच्या हातातला पेला तसाच राहिला. "काय विचारणार आहे?"

"अगं, बसू दे की जरा," ताई म्हणाली. "सांगते. काही आभाळ कोसळत नाहीये."

पण सुनेला कळलं होतं. गोष्ट मैदानगावची होती.

मैदानगाव हा मुलांचा खेळ, टीव्हीला डबा जोडून खेळायचा. त्यात आपण आपला खेळाडू तयार करायचा आणि त्याने त्या गावात राहायचं. रोज सकाळी एक म्हातारं कासव गळ्यात घड्याळ अडकवून दारात येतं आणि विचारतं, आज काय? सराव, काम, की विश्रांती? सराव केला की दम वाढतो. काम केलं की गावात ओळखी होतात. हंगामाच्या शेवटी दुसऱ्या गावाशी फुटबॉलचा सामना. मारामारी नाही, रक्त नाही. हरलेल्याला जिंकणारे हात देऊन उठवतात. एका घराला तीनच खेळाडू मिळतात.

या घराचे तीन असे होते. पुढे बटण, म्हणजे सुनेची अकरा वर्षांची मुलगी. लहानपणी तिने गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून ती बटण. मध्ये धाकटा. आणि गोलात आजी.

आजीने आपला खेळाडू स्वतः निवडून केला होता. पांढरे केस, अंबाडा, चष्मा, कमरेला चांगला घेर. बटण म्हणाली होती, "आजी, इथे कुणीही होता येतं. लांब पाय घे. निळे केस घे."

"कुणीही होता येतं ना? मग मला मीच व्हायचंय," आजी म्हणाली होती.

तीच जागा ताई मागायला आली होती.

"हे बघ," ताई धाकट्याला म्हणाली. तो नवा शर्ट घालून सोफ्यावर येऊन बसला होता. "आईला जाऊन आता बरेच महिने झाले. ती जागा तशीच पडलीय. शिट्टीचा जीव अडकलाय त्या खेळात. आमच्याकडे तो डबा नाही, आणि मी घेणार नाही. इथे आली की तेवढंच खेळेल. आईलाही आवडलं नसतं असं अडवून ठेवलेलं. दुकानात एक हँगर रिकामा लटकला तरी तिला चैन पडायचं नाही."

धाकट्याने पत्नीकडे पाहिलं. तिने मान बटणच्या खोलीकडे वळवली. बटण दारातच उभी होती.

"नाही," बटण म्हणाली.

"अगं, आत्याने अजून विचारलंसुद्धा नाही तुला," धाकटा म्हणाला.

"मी ऐकलं. नाही. आजी आपल्या गावातली सगळ्यात भारी गोलकीपर आहे. तिचा दम माझ्यापेक्षा जास्त आहे. चांगल्या खेळाडूला कोण काढतं?" ती टीव्हीकडे गेली. "थांबा, दाखवते."

डबा टीव्हीखालच्या फळीवर होता. आजी गेल्यापासून बटणने त्याला हात लावला नव्हता, हे सुनेला माहीत होतं. परीक्षा आहे, कंटाळा आलाय, अशी कारणं ती द्यायची. आता मात्र भांडणाच्या भरात तिने तो चालू केला, आणि सुनेला वाटलं, चला, असं तर असं.

टीव्हीवर मैदानगावची सकाळ झाली. कासव दारात आलं. पण ते नेहमीसारखं हसत नव्हतं.

हंगामाचा शेवटचा सामना आठवड्यावर आला आहे, असं ते म्हणालं. तुमच्या घरातली एक खेळाडू मैदानात उतरण्याच्या अवस्थेत नाही. दम लाल रेषेच्या वर आला नाही, तर ती प्रेक्षकांत बसेल आणि तिची जर्सी नव्या खेळाडूला द्यावी लागेल.

आणि मग टीव्हीवर आजी दिसली.

ताईने आधी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मुलांच्या खेळातलं एक चित्र, त्यात काय पाहायचं? आता पाहिलं. पांढऱ्या अंबाड्याची ती बुटकी बाई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकून उभी होती. खांदे वर, खाली, वर, खाली. डोक्यावरच्या दमाच्या पट्टीत तळाशी लाल रंगाची एक चिरी तेवढी उरली होती.

आई शेवटी जिन्यात अशीच थांबायची. चौथ्या पायरीला. ताई हात द्यायला गेली की म्हणायची, तू हो पुढे, मी पायऱ्या मोजतेय.

"बंद कर ते," ताई म्हणाली.

"असं कसं झालं?" बटणचा आवाज चढला. "ती पूर्ण भरलेली होती. मी शेवटचं बघितलं तेव्हा पट्टी हिरवीगार होती. आणि सामना इतक्यात कसा आला? कुणीतरी खेळलंय. कुणीतरी रोज खेळलंय."

"अगं, आपोआप होत असेल," धाकटा म्हणाला.

"आपोआप होत नाही, बाबा. घरातलं कुणी आलं तरच दिवस पुढे जातो. मग बाकीचे आपापलं शेवटचं ठरवलेलं करत राहतात. बघा, माझा सराव चालू आहे. तुमचं काम चालू आहे. तुम्ही अजून पार्सलंच पोचवताय."

टीव्हीत खरंच धाकट्याचा खेळाडू डोक्यावर टोपी घालून एका दारातून दुसऱ्या दाराकडे पळत होता.

"तिथेही हा कामच करतोय," ताई पुटपुटली.

बटणने मागे वळून पाहिलं. सगळ्यांच्या लक्षात आलं ती कुणाकडे पाहतेय.

"मागच्या वेळी तू आली होतीस," ती शिट्टीला म्हणाली. "आम्ही सगळे खाली होतो आणि तू इथे एकटी होतीस. टीव्ही चालू होता. मी वर आल्यावर तू पटकन बंद केलास."

शिट्टीने हातातलं चित्र पाठीमागे लपवलं.

"तुला तिची जागा हवी होती," बटण म्हणाली. "म्हणून तू तिला असं केलंस."

"ए," ताई उठली. "तोंड सांभाळून. सात वर्षांची आहे ती."

"ताई, ती रागात बोलतेय," धाकटा म्हणाला. "पण शिट्टी, बाळा, खरं सांग. चुकून काही दाबलंस का?"

"म्हणजे तूही?" ताई त्याच्याकडे वळली. "छान. बाप न्यायाधीश, लेक पोलीस. माझ्या पोरीला आणलं कुठे मी, मामाच्या घरी की चौकीत?"

"चौकी कुठून आली मध्येच?"

"आली नाही, तुम्ही बांधलीत."

"बटण," सून मध्ये पडली, "ताई बरोबर बोलतायत. पाहिलं नसताना कुणावर आळ घ्यायचा नाही. माफी माग."

धाकट्याने पत्नीकडे असं पाहिलं की ताईच्याही ते नजरेत भरलं. बायको आपल्या बहिणीच्या बाजूने बोलतेय हे त्याने फारसं ऐकलं नव्हतं. ताईनेही नव्हतं. या वहिनीशी तिचं कधी भांडण झालं नाही, पण गूळपीठही नव्हतं. ही फिजिओथेरपिस्ट. आईच्या आजारात सकाळ-संध्याकाळ आईला उठवायची, चालवायची, हातपाय वाकवायला लावायची. आप्पा एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मरायला टेकलेल्या माणसालाही कवायत? जरा बसू दे तिला." तेव्हा कुणीच सुनेची बाजू घेतली नव्हती. ताईनेही नाही. ती गोष्ट घरात कुठेतरी अजून तशीच पडून होती, न उचललेली.

शिट्टी आता रडत होती, पण नेहमीसारखं नाही. आवाज न करता.

"मी काही दाबलं नाही," ती म्हणाली. "मी आले तेव्हा चालूच होतं. आजी बाकावर बसली होती. मी फक्त बघितलं. बटणताई ओरडेल म्हणून बंद केलं."

"कुठल्या बाकावर?" बटणने विचारलं.

"झाडाखालच्या. ती नुसती बसली होती."

बटण टीव्हीकडे वळली. मैदानगावात बाक एकच होता, आणि खेळाडू त्यावर एकाच कारणाने बसायचा.

"विश्रांती," ती स्वतःशीच म्हणाली. मग कुणाला काही न सांगता जिना उतरून खाली गेली.

लाँड्रीत सकाळची गर्दी ओसरली होती. आप्पा काउंटरमागे उभे राहून कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या सारख्या करत होते. मागे दोरीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोट, साड्या, पडदे. स्टूल शेजारीच होतं, पण आप्पा स्टुलावर बसत नसत. या दुकानात ते आणि आजी, दोघं उभं राहूनच म्हातारे झाले होते.

"आजोबा, तुम्ही वरचा खेळ कधी लावता का?" बटणने विचारलं.

"मैदानगाव? लावतो की. रोज सकाळी, तुम्ही सगळे बाहेर पडलात की."

त्यांनी अगदी सहज सांगितलं.

"तुम्हाला येतं?"

"येतं म्हणजे, तुझी आजी लावायची ते बघून बघून. तो डबा सुरू करायचा. मग ते बटण, तू नव्हे, ते गोल बटण दाबत राहायचं, कासव येईपर्यंत. कासव विचारतं आज काय. मग मी तिला विश्रांती देतो."

"रोज?"

"रोज."

"का?"

आप्पांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काउंटरवर आपटून सरळ केला. "का म्हणजे? दमली होती ना ती."

बटण काउंटरला टेकून उभी राहिली. एक माणूस सूट न्यायला आला. आप्पांनी चिठ्ठी पाहिली, काठीने वरून सूट काढला, घडी मोडणार नाही असा हातावर आडवा टाकून दिला. माणूस गेला.

"जन्मभर बस म्हणून सांगत आलो तिला," आप्पा म्हणाले. "या स्टुलावर बस. जरा पाठ टेक. तर म्हणायची, बसले की मी गंजते. आजारी पडली तरी तेच. तुझी आई यायची, चला आई, आणि ही निघाली. माझं ऐकलं नाही कधी. तिथे ऐकते. विश्रांती दाबलं की जाते आणि बाकावर बसते. मी माझा चहा घेऊन समोर बसतो. चहा संपला की बंद करतो. खालची घंटा वाजली तर कधी तसाच राहतो."

"आजोबा," बटण म्हणाली, आणि थांबली. इथपर्यंत येताना ती रागावलेली होती. तो राग आता कुठे ठेवावा ते तिला कळेना. "दमलेल्याला दिली तर विश्रांतीने दम वाढतो. न दमलेल्याला रोज रोज दिली तर कमी होतो. असा नियम आहे त्यात."

"कमी होतो?"

"हो."

"किती झाला?"

"तिला आता सरळ उभंही राहता येत नाहीये."

आप्पांनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. 

"आणि वर सगळे भांडतायत," बटण म्हणाली. "आम्हाला वाटलं शिट्टीने केलं. मला वाटलं."

"शिट्टीने?" आप्पा लगेच काउंटरची फळी उचलून बाहेर आले. "चल. आधी ते निस्तरू."

वर ताई दारात चपला घालून उभी होती आणि धाकटा तिच्या पर्सचा पट्टा धरून होता. लहानपणी दप्तर धरायचा तसा.

"सोड. जाऊ दे मला."

"जेवून जा."

"पोटभर मिळालं."

आप्पा शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाले, "पोरीने काही केलेलं नाही. मी केलंय."

त्यांनी दुकानात सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, कमी शब्दांत.  टीव्ही चालूच होता. मैदानगावात आजी अजून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. आप्पांनी तिला तशी पहिल्यांदाच पाहिली. ते रोज कासवाला गप्प करून थेट बाकापाशी जायचे.

"हे माझ्यामुळे," ते म्हणाले.

"आप्पा, खेळ आहे तो," ताई म्हणाली. चपला तिच्या पायांतून कधी निघाल्या ते तिलाच कळलं नाही. "मुलांचा खेळ आहे."

"खेळ आहे हे मला कळतं गं. मी म्हातारा झालोय, खुळा नाही." मग ते सुनेकडे वळले. तिच्याकडे सरळ बघून त्यांनी बरेच दिवसांत काही म्हटलं नव्हतं. "तू सांगायचीस. बसवून ठेवलं की माणूस खचतं म्हणून. मी तुला नको ते बोललो होतो."

सुनेला वाटलं होतं, हे शब्द कधी आले तर आपल्याला बरं वाटेल. पण तसं काही वाटलं नाही. तिला फक्त समोरचा माणूस दिसला, सकाळी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसणारा.

"आप्पा, मी त्यांना चालवत नव्हते," ती म्हणाली. "त्याच मला उठवायच्या. रोज म्हणायच्या, मला जिना उतरून दुकानात जायचंय, तेवढं करून दे. मी विचारलं, दुकानात काय ठेवलंय आता? तर म्हणाल्या, हा माणूस तिकडे एकटा उभा असतो."

 शिट्टी आप्पांजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"हे मला का नाही सांगितलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. म्हणाल्या, त्यांना कळलं तर ते दुकानच बंद करून वर येऊन बसतील."

"बसलो असतो," आप्पा म्हणाले. "बसलोच असतो."

धाकट्याने नाक ओढलं. ताईने पदराला हात पुसावा तसा ओढणीला पुसला. बटणने आजीचा कंट्रोलर उचलून आप्पांपुढे धरला.

"अजून एक आठवडा आहे," ती म्हणाली. "तिथला. म्हणजे इथली अर्धी दुपार. सराव दिला तर दम वाढेल. एकटीला पुरणार नाही. पण जोडीने सराव करता येतो. माझा दम खूप आहे, त्यातला तिला जाईल."

"मग तुझा कमी होईल," धाकटा म्हणाला. "सामना हराल."

"हरू."

"तूच दाब मग," आप्पा म्हणाले. "मला फक्त ते एकच येतं."

"तुम्हीच दाबायचं. रोज तुम्हीच तिच्यासोबत होता."

आप्पांनी कंट्रोलर घेतला. कासव आलं. आज काय? त्यांचा अंगठा सवयीने विश्रांतीवर गेला आणि तिथे थांबला. ताईला कळलं, का ते. सराव दाबला की ती बाकावर जाणार नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी समोर बसलेली नसणार. ताईला एकदा वाटलं, म्हणावं, असू द्या आप्पा, बसू दे तिला प्रेक्षकांत, मैदानगावात कुणी मरत नाही, तिथून बघेल. ओठांवर आलं होतं. पण आई प्रेक्षकांत बसली असती का? आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही ती पडद्यामागे जाऊन मुलींच्या झालरी टाचत होती.

"दाबा, आप्पा," ताई म्हणाली.

त्यांनी सराव दाबला.

पहिल्या सकाळी आजी चार पावलं पळून खाली बसली. बटणच्या खेळाडूने तिला हात दिला. बटणची हिरवी पट्टी खाली आली, आजीची लाल चिरी बोटभर वर गेली. पुन्हा कासव. पुन्हा सराव. आप्पा प्रत्येक वेळी "ऊठ" म्हणत होते, स्वतःच्या नकळत, आणि ते ऐकून सून खिडकीकडे जाऊन उभी राहिली.

जेवणं ताटं हातात घेऊन टीव्हीसमोरच झाली. आईच्या राज्यात हे चाललं नसतं, असं धाकटा म्हणाला. ताई म्हणाली, आईच्या राज्यात तुला रिमोटच मिळाला नसता. दुकानाची घंटा वाजली की धाकटा खाली जायचा आणि धावत वर यायचा. "किती झाला?" असं जिन्यातूनच विचारायचा.

शेवटच्या सकाळी पट्टी लाल रेषेवर आली. केसभर वर. कासवाने जर्सी आजीच्या हातात दिली. बटणने सुटकेचा श्वास सोडला.

मग धाकट्याने आपला कंट्रोलर शिट्टीकडे दिला.

"मी?" शिट्टी म्हणाली.

"माझी जागा तुझी. मी काय, तिथेही पार्सलंच पोचवतो. जन्मात एकदाही सराव केलेला नाही."

"पण मला गोलकीपर..."

"गोलकीपर आहे आपल्याला," बटण म्हणाली. मग शिट्टीजवळ सरकून बसली. "तू मध्ये खेळ. मध्ये सगळ्यात जास्त पळायला लागतं. आणि ते मघाचं, मी उगाच बोलले."

"टोपीला पंख लावता येतील?"

"येतील."

सामना झाला. त्याचं वर्णन फार करण्यासारखं नाही. दम वाटून दिल्याने बटणला नीट पळवेना, शिट्टी दोनदा स्वतःच्याच गोलाकडे धावली, आणि आप्पा चेंडू डावीकडून आला की उजवं बटण दाबायचे. पलीकडच्या गावचे गोल करत गेले. एक चेंडू तेवढा आजीने अडवला, तोही हाताने नव्हे. तो थेट तिच्या तोंडावर बसला. चष्मा उडाला. आजी खाली बसली, गवतात चाचपून चष्मा शोधला, तो पदराला पुसल्यासारखा जर्सीला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा हात पसरून उभी राहिली.

 मग आप्पाच आधी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि सुनेने पाणी आणून दिलं. ते त्यांनी तिच्या हातून घेतलं.

सामना सपशेल हरले. पलीकडच्या गावच्या मुलांनी येऊन तिघांना हात देऊन उठवलं, तशी तिथली पद्धतच होती. मग मैदानगावात दुसरी सकाळ झाली. नवा हंगाम. कासव दारात आलं. आज काय?

आप्पांचा अंगठा आपोआप सरावावर गेला. आता त्यांना वाट सापडली होती.

"थांबा, आजोबा," बटण म्हणाली. "आज नाही. आज खरंच दमलीय ती. आज विश्रांती."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग विश्रांती दाबलं.

आजी झाडाखालच्या बाकाकडे गेली. आजवर कितीतरी सकाळी आप्पांनी तिला त्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. ती नेहमी कडेला बसायची, पाठ ताठ, नजर मैदानावर, कुणी हाक मारली तर लगेच उठता येईल अशी. आज ती बाटलीतलं पाणी प्यायली. तिने पाय लांब केले. आणि पाठ मागे टेकली. हे तिला करता येतं, हेच आप्पांना माहीत नव्हतं.

खाली दुकानाची घंटा वाजली. धाकटा उठला, ताई उठली, सूनही अर्धी उठली. या घरात घंटा वाजली की सगळेच उठायचे. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं, कारण ते नेहमी सगळ्यांच्या आधी जिन्यात असायचे.

"जा कुणीतरी," आप्पा म्हणाले. "मी बसतो जरा."

आणि त्यांनी सोफ्याला पाठ टेकली.